शितावरून कंटेनरची परीक्षा

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुपारी चालायचं म्हणजे एका खांद्याने हातगाडी चुकवायची आणि दुसऱ्याने स्कूटर. वायरची भेंडोळी, होल्डर, पंख्यांचे कपॅसिटर, मिक्सरची भांडी, गिझरची कॉइल. विजेवर चालणारी वस्तू पुण्यात कुठेच मिळाली नाही की माणूस शेवटी इथे येतो. काही वर्षांपूर्वी याच गल्लीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याने मला बोलावून घेतलं. गल्लीत सगळे त्यांना शेठ म्हणतात, तेवढं नाव पुरे.

काउंटरवर विजेच्या दोन किटल्या ठेवल्या होत्या. दोन्ही स्टीलच्या, चकचकीत, एकाच साच्यातून निघाल्यासारख्या. डावीकडची चीनमधल्या कारखान्याने नमुना म्हणून पाठवलेली. ती पसंत पडल्यावर शेठनी तीन हजार नगांची ऑर्डर दिली होती आणि तीस टक्के रक्कम आगाऊ भरली होती. उजवीकडची किटली उत्पादन सुरू झाल्यावर तिथल्या एजंटाने चालू ओळीतून उचलून कुरियरने पाठवलेली. बाकीचे सत्तर टक्के माल जहाजावर चढण्याआधी द्यायचे होते.

"इंजिनियरसाहेब, दोन्ही सारख्याच आहेत ना? पाणीसुद्धा सारख्याच वेळात उकळलं. सोडू का पैसे?"

मी स्क्रूड्रायव्हर मागितला. तपकीर गल्लीत तो मागायला लाजायचं कारण नाही.

आधी किटल्या ज्या बैठकीवर बसतात त्या दोन्ही उलट्या केल्या आणि वायर सोडवल्या. शेजारच्या दुकानातून वजनकाटा आणला. लांबी सारखी, पण नमुन्याची वायर जवळजवळ दीडपट जड. मग ब्लेडने दोन्हींचं प्लॅस्टिक सोलून आतली तार खरवडली. नमुन्याची तार कितीही खरवडा, तांबूसच. दुसरीची दोन घसाऱ्यांत पांढरी पडली. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. अशी तार तांब्यापेक्षा कमी वीज वाहते, लवकर तापते आणि वारंवार वाकवली की आतून तुटते. स्वयंपाकघरातल्या किटलीची वायर दिवसातून दहा वेळा वाकते.

मग किटलीचा तळ उघडला. नमुन्यात हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर एलिमेंटच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेली, खाली दातेरी वॉशर. हा वॉशर पत्र्यावरचा लेप चिरून धातूला धातू भिडवतो आणि स्क्रू सैल होऊ देत नाही. दुसरीत वायर होती, स्क्रू होता, वॉशर नव्हता. बोटाने ढकलली तर वायरचं टोक फिरत होतं.

शेवटी पिन. किटली १८०० वॅटची. १८०० भागिले २३० म्हणजे पावणेआठ अँपिअरच्याही वर. नमुन्याला १६ अँपिअरची जाड पिन होती, दुसरीला ६ अँपिअरची बारीक.

"ही पिन कोणी बदलली?" मी विचारलं.

शेठ क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "मीच सांगितलं. जाड पिन ओट्यावरच्या छोट्या सॉकेटात जात नाही म्हणून गिऱ्हाईक माल परत आणतं. एजंटला म्हटलं, छोटी लावा."

तीन बदलांतला एक तरी घरचाच निघाला.

*

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो, आणि भातापुरतं ते खरंही आहे. एका पातेल्यातला तांदूळ एकच, पाणी एकच, आच एकच. एक शीत दाबून पाहिलं की बाकीच्यांची खबर कळते. आयातीच्या धंद्यात माणूस फसतो तो ही म्हण भाताच्या पलीकडे ताणल्यामुळे. नमुन्याची किटली आणि कंटेनरमधली किटली एका पातेल्यात शिजलेलीच नसतात. नमुना कारखान्यातला सगळ्यात हुशार कारागीर बनवतो, कपाटातले चांगले सुटे भाग वापरून आणि सवडीने. माल बनतो तेव्हा तांब्याचा भाव वर गेलेला असतो, थर्मोस्टॅट पुरवणारा बदललेला असतो, सणाची सुट्टी तोंडावर असते आणि ओळीवर नवी मुलं बसलेली असतात. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. दिलेल्या भावात वस्तू बसवायची म्हटल्यावर कारखाना जिथे कोणी बघत नाही तिथे कात्री लावतो, आणि किटलीत कोणी बघत नाही अशी जागा म्हणजे तळ.

म्हणून जगभर मालाची तपासणी नमुन्यावर न करता तयार लॉटमधून आडवेतिडवे नग उचलून करतात. किती नग उचलायचे याची तयार कोष्टकं आहेत. त्यांची मुळं अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधल्या हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांच्या कामात आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या अफाट खरेदीसाठी अशी कोष्टकं वापरात आली आणि पुढे त्यांचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. आपल्याकडे ते आयएस २५०० या क्रमांकाने ओळखलं जातं. शेठच्या तीन हजार किटल्यांना हे कोष्टक नेहमीच्या पातळीवर लावलं, तर १२५ नग उचलायचे. मोठ्या दोषांसाठी धंद्यात सर्रास २.५ ही मर्यादा धरतात. त्या हिशेबाने १२५ मध्ये ७ सदोष निघाले तरी माल पास, ८ निघाले की नापास. ओरखडे, वाकडं स्टिकर असल्या किरकोळ दोषांना ४.० ची मर्यादा, म्हणजे १० पर्यंत माफ. जिवावर बेतणाऱ्या दोषांना मात्र शून्य. एक सापडला तरी सगळा लॉट थांबतो.

हे ऐकून आयातदाराला हायसं वाटतं. इथेच जरा गणित करावं. समजा, तीन हजारांतल्या तीस किटल्यांत अर्थिंगची वायर सुटलेली आहे, म्हणजे शंभरात एक. तुम्ही १२५ किटल्या उघडून पाहिल्या. त्यात एकही सुटलेली वायर न सापडण्याची शक्यता किती? ०.९९ ला स्वतःशीच १२५ वेळा गुणलं की उत्तर साधारण २८ टक्के येतं. चार वेळा अशी तपासणी केली तर सरासरी एकदा तरी कागदावर शून्य दोष लिहिला जाणार, लॉट पास होणार आणि त्या तीस किटल्या तीस ओट्यांवर जाऊन बसणार. तपासणाऱ्याने काही चुकीचं केलेलं नसेल. रंग, फिटिंग, झाकणाचा खटका पाहायला ही कोष्टकं उत्तम आहेत. जिथे एकही चूक परवडत नाही तिथे प्रत्येक नग तपासण्याला पर्याय नाही, आणि ते काम कारखान्याच्या ओळीवरच होऊ शकतं. प्रत्येक किटली पेटीत जाण्याआधी तिच्या अर्थिंगमधून किमान दहा अँपिअर प्रवाह सोडून रोध मोजायचा, आणि वीज वाहणारे भाग व बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये हजार व्होल्टचा दाब क्षणभर देऊन वीज फुटते का पाहायचं. दुसऱ्या चाचणीला कारखान्यात हायपॉट म्हणतात. दोन्हींना मिळून काही सेकंद लागतात. चांगला आयातदार कारखान्यात गेला की आधी ते हायपॉटचं यंत्र शोधतो, मग त्याच्यावर धूळ आहे का ते पाहतो.

*

"चांगली" वस्तू म्हणजे कोणासाठी चांगली, हा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यांत ठळकपणे पडला तो मुंबईतल्या एका स्वयंपाकघरात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माधुरी माथुर यांच्याकडे जर्मनीचा ब्राउनचा मिक्सर होता. तो बंद पडला आणि इथे दुरुस्त होईना. ब्राउन काही वाईट कंपनी नव्हती. तिच्या मिक्सरची कल्पना फळांचा रस, सूप, अंडी फेटणं इथपर्यंतची होती. भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड, मिरच्या हा खुराक त्या मोटरच्या हिशेबातच नव्हता. माधुरीबाईंचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनियर. बायकोच्या तक्रारीवरून त्यांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर बनवायला घेतला. १९६३ मध्ये कंपनी निघाली आणि 'सुमीत' हे नाव पुढे घराघरांत इतकं रुळलं की आमच्या आजीच्या पिढीच्या कित्येक बायका कोणत्याही मिक्सरला सुमीतच म्हणत.

आयातदाराने ही गोष्ट पाठ करावी. आजही युरोपसाठी बनवलेल्या ब्लेंडरच्या तळाशी बारीक अक्षरांत 'केबी १ मिनिट' असं छापलेलं असतं. जर्मन भाषेतल्या 'कुर्झबेट्रीब' या शब्दाची ती आद्याक्षरं. अर्थ असा की सलग एकच मिनिट चालवा, मग थांबा. स्मूदीला एक मिनिट पुष्कळ झालं. इडलीचं पीठ वाटणारी गृहिणी एका मिनिटात भांड्याच्या कडा खरवडून नुकती दुसरा फेरा सुरू करत असते. ब्लेंडर युरोपात सुरक्षित, पुण्यात मोटर जळणार, आणि दोष कोणाचाच नाही. मिक्सर मागवणाऱ्या माणसाने हळदीचे कुटलेले तुकडे, रात्रभर भिजलेले उडीद आणि सुक्या खोबऱ्याची वाटी बरोबर नेली तर कारखान्यातले लोक हसतील, पण चाचणी खरी होईल. किटलीचं तसंच. उपनगरांत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं तिथे काही महिन्यांत एलिमेंटवर क्षाराची साय चढते. आपल्याकडे किटलीत नुसतं पाणीच उकळतं अशी समजूत असलेल्या कारखान्याने हेही जाणून घ्यायला हवं की हॉस्टेलवर तिच्यात मॅगी शिजते, अंडी उकडतात आणि दूध उतू जातं.

*

आता कायदा. इथे आपला सगळ्यांत मोठा गैरसमज असतो, आणि तोही शिताचाच.

आयएसआय हे चिन्ह लोकांच्या ओळखीचं आहे. भारतीय मानक संस्था १९४७ च्या जानेवारीत सुरू झाली, चिन्ह वापरण्याची पद्धत १९५२ च्या कायद्याने आली. संस्थेची जागा १९८७ मध्ये भारतीय मानक ब्युरोने घेतली, तरी जुन्या नावाची आद्याक्षरं चिन्हात राहिली. सध्याचा कायदा २०१६ चा. ब्युरोचं शाखा कार्यालय पुण्यातही आहे, मात्र आयातदारांपैकी फार थोडे तिथे माल मागवण्याआधी जातात. बहुतेक जण न्हावा-शेव्याला कंटेनर अडकल्यावर चौकशी करतात.

गैरसमज असा की आयएसआय हे मालाला किंवा ब्रँडला मिळतं, किंवा आयातदार ते 'काढून' आणतो. परवाना मिळतो तो कारखान्याला, त्या कारखान्याच्या ठरावीक पत्त्यावर बनणाऱ्या, ठरावीक मानकाखालच्या, परवान्यात नोंदवलेल्या प्रकारांना. परदेशी कारखान्यांसाठी २००० सालापासून वेगळी योजना आहे. कारखान्याने अर्ज करायचा, भारतात एक अधिकृत प्रतिनिधी नेमायचा, ब्युरोचा अधिकारी कारखान्यात जाऊन पाहणी करतो, नमुने भारतात तपासले जातात, शिवाय दहा हजार डॉलरची बँक गॅरंटी. कारखान्यात स्वतःची प्रयोगशाळा लागते, कारण परवाना मिळाल्यावर रोजच्या चाचण्यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणजे इथे शीत दाबून सोडत नाहीत, चूल कशी पेटते हेही बघतात. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवान्याचा क्रमांक. नुसतं चिन्ह आणि खाली क्रमांक नाही, तर ते चित्र समजावं.

मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा रस्ता वेगळा. २०१२ च्या आदेशाने त्यांना नोंदणी सक्तीची झाली. त्यात ब्युरोने मान्य केलेल्या भारतातल्या प्रयोगशाळेचा अहवाल लागतो आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. दोन्ही क्रमांक मोबाइलवर 'बीआयएस केअर' नावाच्या ॲपमध्ये टाकून पाहता येतात. कारखान्याचं नाव, पत्ता, वस्तू आणि परवाना चालू आहे की संपला, सगळं दिसतं.

शेठकडेही एक परवाना होता. म्हणजे त्याची झेरॉक्स. मी तिच्यावरचा पत्ता आणि किटलीच्या पेटीवरचा पत्ता शेजारी ठेवले. गाव वेगळं, कारखाना वेगळा. पुरवठादाराने दुसऱ्याचा कागद पाठवला होता, आणि शेठनी वर ठळक छापलेलं मानक ब्युरोचं नाव पाहून तो फाइलला लावला होता.

कोणत्या वस्तूला काय सक्तीचं, याची यादी दर काही वर्षांनी लांबते. २००३ च्या आदेशात विजेची इस्त्री, पाण्यात बुडवायचा रॉड, गिझर, विजेची शेगडी अशा वस्तू होत्या. घरगुती प्रेशर कुकर १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीत आला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरगुती आणि व्यावसायिक विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठी एक पसरट आदेश काढला. वेगळ्या आदेशात न येणारी उपकरणं त्याच्या छत्रीखाली यावीत हा हेतू. उद्योगांच्या मागणीवरून त्याच्या अंमलाची तारीख पुढे गेली. त्यामुळे गेल्या वर्षी भावाने आणलेल्या मालाचा दाखला यंदा चालत नाही. ज्या दिवशी आगाऊ पैसे भरायचे, त्या दिवशी आदेश पुन्हा वाचायचा.

आणि हे कागद फक्त बंदरावर बघितले जातात या भ्रमातही राहू नये. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड केला. कारण, तिच्या संकेतस्थळावरून आदेश लागू झाल्यानंतर मानकात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर विकले गेले होते. दंडाबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवून कुकर परत घेण्याचा आणि पैसे देण्याचा आदेशही होता. फ्लिपकार्टला ५९८ कुकरसाठी तसाच आदेश निघाला. मार्च २०२५ मध्ये ब्युरोच्या पथकाने दिल्लीतल्या ॲमेझॉनच्या गोदामात पंधरा तास झडती घेऊन आयएसआय नसलेली किंवा खोटं चिन्ह असलेली साडेतीन हजारांहून जास्त उपकरणं जप्त केली. त्यात गिझर होते, मिक्सर होते. २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड आहे, आणि तो मालाच्या किमतीच्या दहापट होऊ शकतो. कंपनी मोठी असली तर लाखभर रुपये तिच्या चहाच्या खर्चात जातात, हे मला मान्य आहे. घाऊक दुकानाला मात्र परत घेतलेले शेकडो नग ठेवायला जागासुद्धा नसते.

*

ग्राहकाच्या बाजूने पुण्याला या विषयात थोडी मिरवायची सोय आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम इथेच सुरू केलं, ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी. २०१९ च्या नव्या कायद्याने त्यात एक महत्त्वाची भर घातली. सदोष वस्तूने इजा झाली तर भरपाई मागता येते. मूळ उत्पादकापर्यंत आपल्या कायद्याचा हात पोचत नसेल, किंवा दिलेला आदेश त्याच्यावर बजावता येत नसेल, तर आयात करून विकणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं. चीनमधला कारखाना उद्या पाटी बदलेल. बुधवार पेठेतलं दुकान कुठे जाणार?

पेटीवरही आयातदाराचं नाव आणि पत्ता असावा लागतो. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे मूळ देश, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हेही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत १०६ प्रकारची उपकरणं आहेत. आयात करणाराही तिथे उत्पादकच धरला जातो आणि त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. विकून मोकळं झालो असं आता होत नाही, भंगारापर्यंत नातं टिकतं.

*

प्रयोगशाळेत काय करतात हे एकदा डोळ्यांनी बघावं. घरगुती उपकरणांचं आपलं मानक आयएस ३०२. तिथे मोठ्या माणसाच्या बोटासारखं तीन पेऱ्यांत वाकणारं, ८० मिलिमीटर लांब आणि १२ मिलिमीटर जाड धातूचं बोट असतं. टोस्टरची फट, मिक्सरची हवेची जाळी, किटलीचा तळ, जिथे जाईल तिथे ते घालून बघतात. वीज वाहणाऱ्या भागाला टेकलं की वस्तू नापास. मग वायर ओढून बघतात. एक किलोपर्यंतच्या उपकरणाला ३० न्यूटन, चार किलोपर्यंत ६०, त्यापुढे १००, असं झटका न देता पंचवीस वेळा. माणूस पिन न धरता वायरला धरून ओढतो, तसं. एका दमट कपाटात उपकरण ४८ तास ठेवतात, आर्द्रता सुमारे ९३ टक्के. पुण्याच्या जुलैची आठवण यावी. तिथून काढल्या काढल्या गळणारी वीज मोजतात. अर्थिंग असलेल्या हाताळायच्या उपकरणाला ०.७५ मिलिअँपिअरची मर्यादा आहे.

मला सगळ्यांत आवडते ती तापल्या तारेची चाचणी. विजेच्या जोडाजवळच्या प्लॅस्टिकवर लालभडक तार टेकवायची, भागाप्रमाणे ५५० पासून ८५० अंशांपर्यंत. प्लॅस्टिक पेट घेईल, पण तार काढल्यावर ठरलेल्या वेळात आपोआप विझलं पाहिजे. चांगलं प्लॅस्टिक रुसल्यासारखं विझतं. भंगारातून पुन्हा वितळवलेलं थेंबाथेंबाने जळत खालच्या कागदावर पडतं. दुकानात दोन्हींचा रंग एकच असतो.

किटलीच्या बाबतीत मानक आणखी एक विचारतं: पाणी न घालता चालू केली तर? चांगल्या किटलीच्या तळात दोन धातूंच्या वाटोळ्या चकत्या असतात. दोन्ही धातू उष्णतेने कमी-जास्त पसरतात आणि ठरावीक तापमानाला चकती टचकन उलटी होऊन वीज तोडते. एक चकती वाफेवर लक्ष ठेवते, दुसरी कोरड्या एलिमेंटवर. आइल ऑफ मॅन या चिमुकल्या बेटावरच्या स्ट्रिक्स कंपनीने हा नियंत्रक इतका नावारूपाला आणला की किटली विकत घेणारे व्यापारी त्याचं नाव विचारतात. नकलाही तितक्याच निघतात. शेठच्या दोन्ही किटल्यांत नियंत्रक एकाच रंगाचा होता, दुसऱ्यावर बनवणाऱ्याचं नाव मात्र नव्हतं. दुकानाबाहेरच्या पायरीवर दोन्ही कोरड्या चालू केल्या. नमुना काही सेकंदांत टचकन बंद झाला. दुसरीही झाली, पण उशिरा, आणि तोपर्यंत तळाजवळ खमंग म्हणता न येणारा वास सुटला होता.

*

बॅगेतून येणाऱ्या मालाबद्दल दोन शब्द. त्याला कोणी आयात म्हणत नाही, पण कोथरूड-औंधच्या कितीतरी माळ्यांवर न्यू जर्सीहून आलेला टोस्टर किंवा स्लो कुकर पडून आहे. अमेरिकेचा विजेचा दाब १२०, आपला २३०. दाब दुपटीच्या जवळ गेला की तापणाऱ्या उपकरणाची ओढ दुप्पट होत नाही, ती वर्गाने वाढते, जवळपास पावणेचार पट. ८०० वॅटचा टोस्टर आपल्या सॉकेटात तीन हजार वॅटच्या आसपास ओढेल आणि पावाआधी स्वतः जळेल. दुसरा गुन्हेगार म्हणजे दहा-वीस रुपयांचा चपटा-गोल पिन जुळवणारा अडॅप्टर. आपल्या तीन पिनांतली वरची पिन लांब आणि जाड असते, कारण अर्थिंग सगळ्यांआधी जोडलं जावं आणि सगळ्यांनंतर सुटावं. पुष्कळ स्वस्त अडॅप्टरांत ती पिन नुसत्या प्लॅस्टिकची असते. सॉकेटचं झाकण उघडण्यापुरती.

*

शेठनी पैसे सोडले नाहीत. एजंटला फोन लावला, तांब्याची तार, दातेरी वॉशर आणि जाड पिन यांबद्दल मोडक्या हिंदीत तासभर वाद घातला. परवान्याचा पत्ता निघाला तेव्हा पलीकडचा आवाज पडला. आगाऊ भरलेल्या रकमेचा विषय पुढे वर्षभर चालला, आणि त्यातलं किती परत आलं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. धंद्यात तेवढं अंतर राखावं.

दुकानात अजून जाणं होतं. काउंटरच्या मागे, बिलबुकाच्या शेजारी, त्यांनी आता १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट बसवून घेतला आहे. त्यावर ती नमुन्याची किटली आहे. दुपारी चार वाजता तिच्यात चहाचं पाणी उकळतं, खटका टचकन पडतो, आणि शेठ न चुकता म्हणतात, "बघा साहेब, माल कसा एक नंबर होता."